थंडीचं माप

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की मी माळ्यावरून टायर काढते. पाऊस संपलेला असतो, दिवाळीची साफसफाई अजून लांब असते आणि कसब्यातल्या गल्ल्यांमध्ये दुपारी बारा वाजता सायकलच्या सीटवर बसवत नाही. घराघरांत पंखे पाचवर असतात. आमच्या घरात मात्र पलंगावर पिसांचं जाकीट, लोकरीच्या टोप्या आणि जाड मोज्यांचे चार जोड पसरलेले असतात. ते बघूनच आल्यागेल्याला घाम फुटतो. गेली पाच वर्षं हे चाललंय, यंदा सहावा हंगाम. नोव्हेंबरात मी अंटार्क्टिकाला जाईन, तिथल्या बर्फाच्या डोंगरांवर हौशी लोकांना दोराला बांधून वर नेईन आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, खाली आणीन. जानेवारी संपता संपता परत येईन. मी ध्रुवप्रदेशातली माउंटन गाइड आहे. हे वाक्य लिहिताना माझी मान अजूनही जराशी ताठ होते. होऊ दे.

तयारी म्हणजे मुख्यतः टायर. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराच्या टोकाला जुन्या बाजारातून आणलेला जीपचा टायर, असं सगळं घेऊन सकाळी वेताळ टेकडी चढायची. तिकडे तंबू, अन्न, इंधन सगळं घसरगाडीवर लादून स्वतः ओढावं लागतं. पुण्यात बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो, म्हणून टायर. टेकडीवर फिरायला येणाऱ्या मंडळींची माझ्यामुळे वर्षातून एक महिना चांगली करमणूक होते. "मॅडम, बाकीची गाडी कुठे राहिली?" हा नेहमीचा प्रश्न. पांढरी टोपी घालणारे एक आजोबा पहिल्या वर्षी पाच दिवस नुसते बघत राहिले. सहाव्या दिवशी त्यांनी काठीनं टायर थोपवला.

"नवस आहे की शिक्षा?"

"नोकरीची तयारी आहे."

"म्हणजे शिक्षाच," असं म्हणून ते चालू लागले. दुसऱ्या वर्षापासून मात्र ते घड्याळ लावून उभे असतात आणि कालच्यापेक्षा दोन मिनिटं उशीर झाला तर लक्ष कुठे आहे म्हणून विचारतात.

आज सकाळी टायर खाली उतरवला आणि नळाखाली धुतला. ओल्या रबराचा वास आला की मला नेहमी पहिलाच ऑक्टोबर आठवतो. पुढचे चारही हंगाम चांगले गेले, त्यांत शिखरं झाली, वादळं झाली, सांगण्यासारखं बरंच झालं. पण ते सगळं तिकडचं. पहिल्या वेळचा तो एक महिना इथला होता, कसबा पेठेतला आणि खराडीतला, आणि मला गाइड त्यानं केलं असं मी मानते.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. सह्याद्रीत दोर लावण्यापासून सुरुवात करून हिमालयातले सगळे अभ्यासक्रम, मग मोहिमा, मग मोहिमांवर कामाला, असं दहा वर्षं चाललं होतं. नातेवाइकांनी विचारलं की अब्बा सांगायचे, "ट्रॅव्हलमध्ये आहे." खोटं नव्हतं ते. मग अंटार्क्टिकात डोंगर चढवणाऱ्या एका कंपनीत आयत्या वेळी एका गाइडचा पाय मोडला, जागा निघाली, आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. त्यांची मुख्य गाइड सिग्रिड ही नॉर्वेची बाई, पन्नाशीची, बोलायला अगदी मोजकी. व्हिडिओ कॉलवर तिनं माझी कागदपत्रं वाचली आणि म्हणाली, "कागद चांगला आहे. पण कागदाला थंडी वाजत नाही. तुझे हात थंडीत कसे चालतात ते मला बघायचंय."

तिची अट साधी होती. उणे वीस अंशांत अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढायचा, मध्ये कुठेही न तोडता. सोबत एक क्लायंट हवा. त्याला दोराचा पट्टा बांधायचा, गाठी मारायच्या, त्याच्या जाकिटाची चेन लावायची, थर्मासमधलं गरम पाणी पाजायचं, कप्पीनं वजन ओढून दाखवायचं. या सगळ्यात माझे हात एकदाही हातमोज्यांबाहेर येता कामा नयेत. आणि दर पाच मिनिटांनी क्लायंटचा चेहरा आणि बोटं तपासायची. महिन्याअखेरच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पोचला तर विचार होणार, नाहीतर ती दुसरं माणूस घेणार होती. दहा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते सगळं त्या अर्ध्या तासावर येऊन बसलं. बाहेर पारा छत्तीसवर होता.

अब्बांना सांगितलं तेव्हा ते दुकानात एका कोटाच्या बाहीला अस्तर लावत होते. आमचं दुकान म्हणजे गल्लीतली दहा बाय बाराची खोली. तिथे चाळीस वर्षं अब्बा पुरुषांचे कपडे शिवतात. सगळी पेठ त्यांना मास्टर म्हणते. आरशाशेजारी त्यांनी स्वतः लिहिलेली पाटी आहे: 'माप एकदाच घेतले जाईल. त्यानंतर वाढलेल्या पोटास दुकान जबाबदार नाही.' फिटिंग हा त्यांचा धर्म नसला तरी धर्माच्या अगदी शेजारी राहतो. खांद्यावर एक चुणी दिसली तर ते गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट तिथेच उतरवून घेतात आणि गिऱ्हाईक कितीही "राहू द्या हो मास्टर" म्हणालं तरी परत देत नाहीत. घरात आमची भाषा अर्धी दखनी, अर्धी मराठी. अब्बा खरोखर चिडले की मात्र एकदम शुद्ध मराठीत येतात आणि मला 'आपण' म्हणू लागतात. तेव्हा घरातलं मांजरसुद्धा बाहेर जातं.

त्या दिवशी ते चिडले नाहीत. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि विचारलं, "हातात काय घालतात तिकडे?"

मी फोनवर चित्र दाखवलं. आत पातळ मोजा, त्यावर लोकरीचा, आणि त्यावर सगळ्यांत बाहेरचा मोठा, अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच खोलीत असलेला. अब्बांनी चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघितलं.

"हा हातमोजा नाही. ही पिशवी आहे," ते म्हणाले. "असलं गबाळं माझी मुलगी घालणार नाही. मी शिवतो."

आमच्या घरात तेव्हापासून त्या हातमोज्यांना पिशव्याच म्हणतात. अम्मीची काळजी वेगळीच होती. जिथं पाणी दगड होतं तिथं नमाजाआधी हातपाय कसे धुशील, हा तिचा एकच प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ती मला दोन चमचे जास्त तूप वाढत राहिली.

अब्बांनी खडकीतून पॅराशूटचं कापड मिळवलं. माझ्या हाताचं माप घेतलं. पंजा, मनगट, प्रत्येक बोट, अंगठ्याचा घेर. लहानपणी ईदच्या कपड्यांसाठी घ्यायचे तसं, श्वास रोखून. चार दिवस दुकानातली बाकीची कामं मागे पडली. पाचव्या दिवशी पिशव्या तयार झाल्या आणि मी खरं सांगते, तितकी देखणी वस्तू मी डोंगरात कुणाच्या हातात पाहिलेली नाही. दुहेरी टीप, मनगटाशी नेटका बसणारा कफ, आत मऊ अस्तर. आतले दोन मोजे घालून हात घातला तर कुठे तसूभर जागा उरत नव्हती. अब्बांनी माझा हात उजेडात धरून उलटासुलटा केला. "याला म्हणतात फिटिंग," ते म्हणाले.

आता थंडी हवी होती. ती मिळाली खराडीत. अब्बांचं जुनं गिऱ्हाईक बबनराव, मूळचे तिथले शेतकरी. जमिनीच्या एका भागावर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी कोल्ड स्टोरेज बांधलं आहे. आत मटार, मक्याचे दाणे, आइस्क्रीम, सगळं उणे बावीस अंशांत. पोराच्या लग्नातला बबनरावांचा कोट अब्बांनी शिवला होता आणि त्या कोटाचं कौतुक अजून संपलेलं नव्हतं.

"आत बसायचं म्हंतीस? अर्धा तास?" बबनरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरी, आत मटार हाय. त्येला पाय न्हाईत म्हणून बसतोय त्यो."

पण त्यांनी बसू दिलं. रविवारी सकाळी गाड्या नसतात, तेव्हा ये म्हणाले. बाहेर लख्ख ऊन, आयटीवाल्यांच्या गाड्या, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. ते जाड दार आपल्यामागे बंद झालं की पहिल्या श्वासालाच नाकातले केस ताठ होत. वर मोठे पंखे घोंघावत. मी मटारच्या पोत्यांमध्ये बसून गाठी मारत असे. पहिल्या रविवारी मी एकटीच गेले होते. दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. पंधराव्या मिनिटाला दोर हातात आहे की नाही हे बघूनच कळू लागलं. विसाव्या मिनिटाला कप्पी खाली पडली आणि उचलता आली नाही. बाहेर येऊन पिशव्या काढल्या तर सहा बोटांची टोकं खडूसारखी पांढरी झालेली होती.

काय झालं ते मला लगेच कळलं. हाताला ऊब कापड देत नाही, कापडाच्या आत अडकलेली हवा देते. हवेला जागा हवी, रक्ताला फिरायला जागा हवी. अब्बांनी जागा ठेवलीच नव्हती. ज्या गोष्टीसाठी चाळीस वर्षं लोक त्यांच्या पायऱ्या चढले, तीच नेमकी तिथे चालत नव्हती.

मी घरी आले. अब्बा दुकानाच्या दारात उभे होते. "कशा झाल्या?"

"छान आहेत," मी म्हणाले.

डोंगरात मी कुणाला घाबरत नाही. दोर चुकीचा बांधला तर कर्नललासुद्धा तोंडावर सांगितलेलं आहे. पण अब्बांना त्यांची शिवण चुकली हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी त्याला प्रेम समजत होते. आज मला तो सरळ सरळ भित्रेपणा वाटतो, आणि तसा तो वाटला पाहिजे. डोंगरावर लोक याच गोडव्यानं मरतात. गाइडला वाईट वाटू नये म्हणून पाय दुखतोय हे सांगत नाहीत, बायकोला वाईट वाटू नये म्हणून परत फिरत नाहीत.

दोन दिवस मी बशीतून चहा प्यायले, कारण कपाचा कान बोटांना झोंबत होता. तिसऱ्या दिवशी अब्बांनी मला सुईत दोरा ओवायला सांगितला. त्यांचा चष्मा त्यांच्या नाकावर होता. तरी मला सांगितला. मी तीनदा चुकले. दुपारी दुकान बंद करून ते बसनं एकटे खराडीला गेले.

पुढचं मला बबनरावांनी सांगितलं. "मास्टर आले, म्हनले आत जायचंय. म्या कोट दिला. पिशव्या हातात घातल्या आन् बसले की मटारावर. म्या दार उघडून दोनदा बघितलं, हालंनात. पंधरा मिंटानं भायेर आले, खिशातनं सुई काढली, दोरा काढला आन् ओवाया लागले. जमंना. म्या म्हनलं, मास्टर, च्या घ्या. तर म्हनले, थांबा."

संध्याकाळी अब्बा घरी आले तेव्हा त्यांच्या हातात मापाची फीत होती. त्यांनी मला समोर बसवलं. मला वाटलं आता शुद्ध मराठी सुरू होणार. तसं झालं नाही.

"मी हाताचं माप घेतलं," ते म्हणाले. "थंडीचं घेतलंच नाही." मग फीत उलगडत, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"मला सांगायचं असतं, बेटा."

एवढंच. मी मान खाली घातली. मग त्यांनी माझ्या हातावर दोन्ही मोजे चढवले, वर एक टॉवेल गुंडाळला आणि त्या गाठोड्याचं माप घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम ढगळ कापलं. प्रत्येक शिवणीला ते चुकचुकत होते. मनगटाशी पिशवी इतकी सैल होती की ती कोपरापर्यंत जायची आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरीनं गळ्यात अडकवलेली, बालवाडीतल्या मुलांच्या रुमालासारखी. जाकिटाच्या प्रत्येक चेनला त्यांनी वीतभर गोफ बांधला, म्हणजे पिशवीतल्या हातानंही ओढता यावा. काम संपल्यावर त्यांनी ते सगळं माझ्या अंगावर चढवून पाहिलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. जाणाऱ्यायेणाऱ्यांनी बघू नये म्हणून.

त्या पिशव्या गेली पाच वर्षं मी वापरते. तिकडच्या छावणीत जगातल्या नामांकित कंपन्यांचं सामान लोक घेऊन येतात, आणि वादळात ज्यांचे हात बधिर होतात ते माझ्याकडे बघतात. दोघांनी माप काढून नेलं आहे. एकानं फोटो काढला. मला त्या पिशव्यांचा जितका अभिमान आहे तितका कुठल्याही शिखराचा नाही, आणि शिखरं काही कमी झालेली नाहीत. पण हे मी नंतर मिरवलं. त्या ऑक्टोबरात शेवटचा रविवार तोंडावर होता आणि क्लायंट अजून मिळायचा होता.

"गिऱ्हाईक मी होतो," अब्बा म्हणाले.

मी नको म्हटलं. ते पासष्टचे होते, आणि त्यांची बोटं म्हणजे आमचं घर. पण ते ऐकणाऱ्यांतले नव्हते. शेवटच्या रविवारी आम्ही दोघं खराडीला गेलो. कोट घालून आत आलेल्या बबनरावांकडे चित्रणासाठी फोन दिला. थंडीत फोन दम तोडतो म्हणून अब्बांनी त्याला लोकरीचा अंगरखा शिवला होता आणि कॅमेऱ्यापुरतं काज ठेवलं होतं. दार बंद झालं, व्हिडिओ सुरू झाला.

मी अब्बांना पट्टा बांधला. "वळा," मी म्हणाले. "हात वर. श्वास सोडा. पाय फाका." ते वळले, हात वर केले, श्वास सोडला. तेव्हा मला आतून हसू आलं, कारण हे शब्द, हा आवाज, खांद्याला दोन बोटं लावून माणसाला फिरवायची ही पद्धत, सगळं त्यांचंच होतं. लहानपणी शाळेनंतर मी दुकानात स्टुलावर बसून हे रोज ऐकलेलं आहे. वकील असो की पैलवान, अब्बांच्या आरशासमोर माणूस निमूट होतो. परकी माणसं माझं का ऐकतात, याचा उलगडा मला त्या मटारच्या पोत्यांमध्ये झाला.

पाचव्या मिनिटाला विचारलं, बोटं जाणवतात? जाणवतात. दहाव्याला, जाणवतात. पंधराव्याला, जाणवतात. माझ्या गाठी बसत होत्या, चेन लागत होती, गरम पाणी सांडलं नाही. हात उबदार होते. विसाव्या मिनिटाला मी पुन्हा विचारलं आणि त्यांची पिशवी बाहेरून चाचपली. "अंगठा करंगळीला लावा."

"लावला," अब्बा म्हणाले.

आत काहीही हललं नव्हतं.

मग मी त्यांच्या पिशवीचा कफ पाहिला. मनगटाशी नेटका बसलेला. ती पहिली जोडी होती. वाया कशाला घालवायची म्हणून त्यांनी घातली होती, आणि मी आत शिरण्याआधी तपासली नव्हती. क्लायंटचे हातमोजे दाराबाहेर तपासायचे हा अगदी पहिला धडा आहे. मी तो विसरले, कारण क्लायंट माझे अब्बा होते आणि हातमोजे त्यांनी शिवलेले होते.

"बबनराव, दार उघडा," मी म्हणाले.

"दहाच मिनिटं राहिली आहेत," अब्बा म्हणाले.

मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. उन्हात ओट्यावर बसवून पिशव्या काढल्या. डाव्या हाताची तीन बोटं पांढरी झाली होती. मी त्यांचा हात माझ्या काखेत धरून ठेवला. अब्बांचा चेहरा मात्र रागानं लाल झालेला.

"आपण कोणाच्या परवानगीनं थांबलात?" ते म्हणाले. "उद्या मुदत संपते आहे. आपल्या दहा वर्षांचं आपण काय केलंत, कळतंय का आपल्याला?"

बबनराव फोन घेऊन हळूच गुऱ्हाळाकडे सरकले.

"तुम्ही खोटं बोललात," मी म्हणाले. असं वाक्य आमच्या घरात अब्बांना कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. "डोंगरावर माझ्या दोराला बांधलेला माणूस माझ्याशी खोटं बोलला तर तो माझ्या कामाचा नाही. मग तो कुणीही असो. मला हा हंगाम नाही मिळाला तरी चालेल."

बोटांत रक्त परत येताना फार दुखतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं ते त्याचं असावं. मग ते म्हणाले, "तूही बोलली होतीस. छान आहेत म्हणून."

"हो. बोलले होते."

"म्हणजे घराण्याचीच खोड."

आणि आम्ही दोघं हसलो. ते 'तू'वर आले होते. बबनराव रसाचे तीन ग्लास घेऊन आले. सोमवारी आठला गाड्या लागतात, सातला आलात तर दार उघडतो, म्हणाले. "पर मास्टर न्हाईत. म्या हुतो गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक मीच," अब्बा म्हणाले. "माझं माप राहिलंय."

रात्रीचं जेवण होण्याआधी त्यांनी उरलेल्या कापडातून स्वतःसाठी ढगळ पिशव्या कापल्या. बोटं दुखत होती म्हणून टीप अम्मीनं मारली. सोमवारी सातला आम्ही दाराशी उभे होतो, आणि मी दाराबाहेरच त्यांचे कफ, मोजे, टोपी, सगळं तपासलं. ते निमूट उभे राहिले. आदल्या दिवशी दुखावलेल्या बोटांना थंडी लवकर लागते, हे मी त्यांना सांगितलं. काहीही वाटलं तरी लगेच सांगायचं, आणि मी बाहेर म्हटलं की बाहेर, हे कबूल करून घेतलं.

तो व्हिडिओ सिग्रिडला गेला आणि तिचा होकार आला हे वेगळं सांगायला नको. तिला माझ्या गाठी आवडल्या. क्लायंट कोण आहे असंही तिनं विचारलं होतं. पण मी तो व्हिडिओ दर ऑक्टोबरला पाहते ते गाठींसाठी नाही. त्यात सोळावं मिनिट आहे. मी गाठ मारत असताना, मी विचारायच्या आधीच, चाळीस वर्षं कुणासमोर 'चुकलं' म्हणायची वेळ न आलेला माणूस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "डाव्या हाताची करंगळी बधिर होतेय." मी गाठ सोडत नाही. एका हातानं माझ्या जाकिटाची चेन खाली ओढते, त्यांचा हात पिशवीतून काढून आत काखेत घेते, चेन वर ओढते आणि दुसऱ्या हातानं गाठ पुरी करते. पंखे घोंघावतायत, बबनराव फोन धरून आहेत. एक मिनिट जातं, दोन जातात. घड्याळ चाललंय, कप्पीचं काम अजून बाकी आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मी विचारते, "आली करंगळी?"

अब्बा डोळे मिटून आत कुठेतरी बघतात. मग म्हणतात, "अजून नाही. थांब."

आणि मी थांबते.